‘रॉजर’ म्हणजे ‘करतो’ नव्हे : वैमानिक आणि टॉवर यांच्यातले गैरसमज कसे टाळायचे

मी हवाई वाहतूक कंट्रोलर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा माणूस. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी माझ्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी दोन-तीन मुलं येतात. कुणी फ्लाइंग क्लबात उड्डाणाचे तास भरतंय, कुणी कंट्रोलरच्या भरतीची तयारी करतंय. आधी पोहे-जिलबी, मग रेडिओवर बोलायचा सराव. नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काका, माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल ना?”

इंग्रजीची अट आहेच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामासाठी किमान चौथी लागते. चौथी असली तर दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पाचवी असली तर सहा वर्षांनी, सहावीला परत नाही. पण मी मुलांना सांगतो, कच्चं इंग्रजी हा त्यातला सोपा आजार, औषध माहीत आहे. अवघड आजार निराळाच आहे. माणूस कानावर पडलेलं ऐकत नाही, त्याला जे अपेक्षित असतं ते ऐकतो. अस्खलित इंग्रजी बोलणारेही यातून सुटत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच खोडीवरचे उपाय आहेत.

आधी साखळी समजून घ्या

टॉवर आणि वैमानिक यांचं एक देणंघेणं चार कड्यांचं असतं. कंट्रोलर सूचना देतो, वैमानिक ती ऐकतो, वैमानिक तीच सूचना परत म्हणून दाखवतो (हे रीडबॅक), आणि कंट्रोलर ते परत म्हटलेलं ऐकून ताडून बघतो (हे हिअरबॅक). पहिल्या तीन कड्यांवर सगळे मेहनत घेतात. चौथी कडी गंजते.

माझीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची रात्रपाळी, विमानतळाचं नाव राहू द्या. एका विमानाला मी सहा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या केंद्राचा फोन वाजला, तो डाव्या हाताने उचलला. वैमानिकाने रीडबॅक दिलं, “पाच हजार.” ते माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात गेलं ते सहा हजारच, कारण समोरच्या स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाची माहिती टिपायच्या पट्टीवर, मीच नुकता सहाचा आकडा लिहिला होता. बाजूला बसलेल्या शिकाऊ पोराने खांद्याला हात लावला. “सर, तो पाच म्हणाला.” पाच हजारांवर दुसरं विमान होतं. दोन वाक्यांत दुरुस्ती झाली, कुणाला काही कळलं नाही, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा कंट्रोलर होणाऱ्यांनी सवयच लावून घ्यायची : रीडबॅक चालू असताना फोन उचलायचा नाही, बोट स्ट्रिपवरच्या आकड्यावर ठेवायचं आणि आवाजाबरोबर एकेक अंक टिपायचा. फोन चार सेकंद वाजू दे.

पहिली पायरी : हाक कुणाला मारली ते ऐका

अवंतिका एक्सप्रेस इंदूरकरांना सांगायला नको. मुंबईहून येणारी १२९६१, इथून जाणारी १२९६२. फलाटावर घोषणा अर्धवट ऐकून चुकीच्या बाजूला धावलेले लोक मी पाहिलेत. आकाशात तेच होतं. एकाच कंपनीची दोन विमानं, क्रमांक ६४३ आणि ६३४, एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर. कंट्रोलर एकाला उतरायला सांगतो आणि “हो” दुसराच म्हणतो. कधी दोघंही एकदम बोलतात. मग दोन्ही आवाज एकमेकांत अडकतात आणि कंट्रोलरला वाटतं, उत्तर मिळालं.

यावर उपाय साधे आहेत, पण ते दर वेळी करायला हवेत. रीडबॅकमध्ये स्वतःची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, पूर्ण म्हणायची. नुसतं “डिसेंडिंग” म्हणून बटन सोडणारा वैमानिक मला अनोळखी नंबरवरून “हां, मी बोलतोय” म्हणणाऱ्या नातेवाईकासारखा वाटतो. छोट्या विमानाची कॉल साइन लांब असते आणि ती आखूड करता येते, पण आधी टॉवरने आखूड केली तरच. आपणहून नाही. कारण तुमच्यासारखीच शेवटची अक्षरं असलेलं दुसरं विमान हवेत असेल, तर ते टॉवरला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

आणि कंट्रोलरने सारख्या कॉल साइन दिसताच दोन्ही विमानांना तसं सांगून ठेवावं. गरज पडली तर एकाची कॉल साइन तेवढ्यापुरती बदलून द्यावी. यात कमीपणा नाही.

दुसरी पायरी : आकडे फोडून बोला, फोडून ऐका

इथे आपण मराठी माणसं एका खास खड्ड्यात पडतो. मराठीत पंचवीस म्हणताना आधी पाच येतो, मग वीस. बावन्नमध्ये आधी दोन, मग पन्नास. त्रेसष्ट आणि छत्तीस घाईत लिहायला सांगा, दहातला एक तरी उलटं लिहितो. त्यात आमच्या इंदुरी घरांत हिशोब हिंदीत, शाळा इंग्रजीत आणि रागावणं मराठीत. एकोणसाठ आणि उनसठ यांच्यात गडबडलेलं डोकं टू फाइव्ह ऐकून मनात पंचवीस करतं आणि कागदावर ५२ उतरवतं. म्हणून माझा पहिला नियम : रेडिओवरच्या आकड्याचं मनात भाषांतर करायचं नाही. टू, फाइव्ह, झीरो. तीन वेगळे मणी. ओवायचे नाहीत.

नऊला ‘नायनर’, पाचाला ‘फाइफ’, तीनाला ‘ट्री’, चाराला ‘फोवर’ म्हणायला शिकवतात तेव्हा मुलं हसतात. हसू नका. खरखरणाऱ्या रेडिओत फाइव्ह आणि नाइन यांची व्यंजनं आधी बुडतात, उरतो तो मधला ‘आय’, आणि तो दोन्हींत सारखा. ‘नायनर’ला शेपूट जोडलंय ते ओळखता यावं म्हणून. फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तसंच. इंग्रजीत तो फरक बराचसा आघातावर उभा आहे, आणि मराठीत तसा आघात नसल्यामुळे आपल्या तोंडी दोन्ही जवळजवळ एकच होतात. वन फाइव्ह म्हणा, फाइव्ह झीरो म्हणा, प्रश्न मिटला.

इंग्रजी ‘टू’ हा शब्द तर घातकच. दोन म्हणजे टू, आणि ‘पर्यंत’ म्हणजेही टू. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे फ्लाइंग टायगरचं ६६ क्रमांकाचं मालवाहू जंबो उतरत होतं. कंट्रोलरने २,४०० फुटांसाठी ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ म्हटलं. वैमानिकांच्या कानाने पहिला टू ‘पर्यंत’ म्हणून घेतला आणि उरले चारशे फूट. रीडबॅकही ‘ओके, फोर झीरो झीरो’ असंच गेलं, आणि कुणी अडवलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे कर्मचारी गेले. या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि मी मुलांना त्या शोधायला लावतो. उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी सांगायला हवी होती. रीडबॅकमध्ये अंक कमी आहे हे कंट्रोलरला खटकायला हवं होतं. आणि डोंगराळ मुलखात चारशे फूट हा आकडाच वैमानिकाला विचित्र वाटायला हवा होता.

आणखी एक अडथळा म्हणजे एकच आकडा वेगवेगळ्या अर्थांनी येणं. इंदूरची धावपट्टी ०७/२५. पश्चिमेकडे उडालात की नाक साधारण २५० अंशांवर. त्यात कुणी २५० नॉट वेग सांगितला आणि चढायला फ्लाइट लेव्हल २५० (म्हणजे सुमारे पंचवीस हजार फूट) दिली, की टू फाइव्ह झीरो तीनदा. म्हणून आकड्याच्या आधी त्याचं आडनाव लावायचं : हेडिंग (नाकाची दिशा), स्पीड, फ्लाइट लेव्हल. नुसता आकडा परत म्हणणं म्हणजे रीडबॅक नव्हे. आणि कंट्रोलरने एका दमात दोनांपेक्षा जास्त आकडे देऊ नयेत असं माझं मत आहे. नियमात बसत असले, तरीही.

हवेच्या दाबाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही. विमानाचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यात त्या जागेचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब, भरावा लागतो. भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. आता कंट्रोलर म्हणाला ‘नायनर नायनर टू’, म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल, आणि इंचांची सवय असलेल्या वैमानिकाने भरलं २९.९२ इंच, तर ते होतं सुमारे १०१३ हेक्टोपास्कल. फरक २१ चा. एका हेक्टोपास्कलला अंदाजे २८ फूट धरा. विमान स्वतःला वाटतं त्यापेक्षा जवळजवळ सहाशे फूट खाली असतं. उंचीमापकाला हे काही कळत नाही, तुम्ही भरलेला आकडाच तो खरा मानतो. म्हणून दाब सांगताना एककही म्हणायचं, विशेषतः आकडा हजाराच्या आत असला तर.

इथे साखळीची मर्यादाही बघून घ्या. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरणाऱ्या एअरहबच्या एअरबसला कंट्रोलरने १००१ ऐवजी १०११ सांगितलं. वैमानिकांनी १०११ बरोबर परत म्हटलं. रीडबॅक अगदी चोख, आकडाच चुकीचा. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत खाली आलं आणि पुन्हा चढलं. सुदैवाने सगळे वाचले. म्हणून टॉवरने दिलेला दाब एटिसच्या, म्हणजे रेकॉर्ड करून सतत वाजणाऱ्या हवामान संदेशाच्या आकड्याशी ताडायचा. दोन्ही जुळले नाहीत तर विचारायचं.

तिसरी पायरी : लिहा

पाठ राहील असं म्हणू नका. मांडीवर पॅड, हातात पेन्सिल, पेन नको, ते वर गेल्यावर गळतं. स्वतःच्या खुणा ठरवा. वर बाण म्हणजे चढा, खाली बाण म्हणजे उतरा, आकड्याभोवती चौकट म्हणजे थांबा. खुणा मराठीत केल्या तरी चालतील, पॅड कुणी तपासत नाही.

चौथी पायरी : रीडबॅकमध्ये काय यायलाच हवं

मार्गाचं क्लिअरन्स, म्हणजे परवानगी. धावपट्टीशी संबंधित सगळं : तिच्यावर येणं, ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, उतरणं, उडणं, तिच्यावरून उलट दिशेने टॅक्सी करणं, म्हणजे जमिनीवरून चालत जाणं. कोणती धावपट्टी वापरात आहे ते, क्यूएनएच, स्क्वॉकचा (रडारवर विमान ओळखू यावं म्हणून दिलेला) चार अंकी कोड, उंची, हेडिंग, वेग. एवढं शब्दशः परत म्हणायचं. वारा परत म्हणायची गरज नाही. नवशिके वाराही म्हणतात, आणि फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

अट घातलेलं क्लिअरन्स असेल तर अट आधी. ‘उतरणाऱ्या विमानाच्या मागे, धावपट्टीवर ये, मागे.’ ‘बिहाइंड’ हा शब्द सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे असतो, तो मुद्दाम. मधलं काही खरखरीत बुडालं तरी दोन्ही टोकं हातात राहतात. रीडबॅकमध्ये अट गळली, तर कंट्रोलरने ते रीडबॅक चुकीचंच धरायचं.

पाचवी पायरी : ‘बरं’, ‘हो’ आणि ‘करतो’ वेगळे करा

आपल्याकडे आजोबा काही सांगत असताना “हं, हं” करायची पद्धत आहे. त्या ‘हं’चा अर्थ ऐकतोय इतकाच, पटलंय असा नव्हे, करीन असा तर मुळीच नाही. रॉजर म्हणजे तो ‘हं’. ‘तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं.’ बास. विल्को म्हणजे ‘समजलं आणि करतो’. अफर्म म्हणजे ‘हो’, नेगेटिव्ह म्हणजे ‘नाही’. शेजारच्या एका मुलीने विचारलं, “म्हणजे काका, टॉवरने विचारलं की तू धावपट्टी मोकळी केलीस का, आणि मी रॉजर म्हटलं, तर?” तर त्याने विचारलेला प्रश्न तसाच हवेत लोंबकळत राहिला. आणि घाईतल्या कंट्रोलरने त्याला ‘हो’ समजून मागचं विमान उतरवलं, तर तुम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला.

स्टँडबाय या शब्दाला तर परवानगीचा वासही नाही. त्याचा अर्थ थांबा, मी बोलावतो. पण तुम्ही मागितलेली गोष्ट मिळणारच आहे असं मनात धरून बसला असाल, तर स्टँडबायसुद्धा ‘हो’सारखं ऐकू येतं. आणि अनेबल हा शब्द निःसंकोच वापरा. जमत नाही ते जमत नाही म्हणायला लाज कसली?

सहावी पायरी : धावपट्टीजवळचे शब्द मोजून वापरा

२७ मार्च १९७७, तेनेरिफचा लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो. केएलएमच्या वैमानिकांना उड्डाणानंतरच्या मार्गाचं क्लिअरन्स मिळालं. त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता, पण उडायची परवानगी नव्हती. ते परत म्हणताना सहवैमानिकाने पुढे जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. टॉवरला वाटलं, विमान टेकऑफच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. टॉवर म्हणाला ‘ओके’, आणि क्षणभर थांबून ‘स्टँडबाय फॉर टेकऑफ, मी तुम्हाला बोलावतो’. नेमकं त्याच क्षणी समोरच्या पॅन ॲमने सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकदम आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर शीळ घुमली. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर शिस्त आली ती तुम्हाला आजही पाळायची आहे : ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उडायची परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. तयार आहात? ‘रेडी फॉर डिपार्चर’. ‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धावपट्टीवर येऊन थांबा, उडू नका.

शब्द बरोबर असूनही अपेक्षा कशी फसवते याचं अलीकडचं उदाहरण टोकियोच्या हानेदाचं, २ जानेवारी २०२४. तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला टॉवरने सांगितलं, ‘नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत टॅक्सी कर’, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांब. रीडबॅकही बरोबर आलं. पण ‘नंबर वन’ ऐकून कॅप्टनला वाटलं, आपल्याला पहिली परवानगी मिळाली, आणि तो धावपट्टीवर जाऊन थांबला. मागून जपान एअरलाइन्सचं एअरबस उतरलं. त्यातले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडून वाचले. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच गेले. जपानने त्यानंतर उड्डाणाचा क्रमांक सांगणं काही काळ थांबवलं. एक लहानसा जास्तीचा शब्द, सौजन्याने दिलेला.

माझी सवय सांगतो. धावपट्टीची पिवळी होल्डिंग रेष ओलांडण्याआधी मोठ्याने म्हणायचं : “परवानगी कुठल्या शब्दांत मिळाली?” शब्द आठवले नाहीत तर परवानगी नाही.

सातवी पायरी : शंका कॉकपिटमध्ये सोडवू नका

दोघे वैमानिक एकमेकांना विचारतात, “आठ म्हणाला की नऊ?” एक म्हणतो आठ असेल. झालं, दोघांनी मत देऊन आकडा ठरवला! आकडा टॉवरकडे आहे, त्याला विचारा. ‘से अगेन’ म्हणजे सगळं पुन्हा. ‘कन्फर्म फ्लाइट लेव्हल एट झीरो’ म्हणजे एवढं एक खरं करून द्या. मला दुसरं कमी आवडतं. तुम्ही आकडा सुचवला की थकलेला कंट्रोलर ‘अफर्म’ म्हणून मोकळा होतो. मोठी शंका असेल तर ‘से अगेन’च म्हणा, आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या.

दिल्लीजवळच्या चरखी दादरीची टक्कर इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून उडालेल्या सौदियाच्या जंबोला चौदा हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी, समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिनला पंधरा हजारांपर्यंत उतरायची. दोघांमध्ये हजार फुटांचं अंतर, कागदावर सगळं ठीक. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानांची उंची दिसत नव्हती, कंट्रोलरला सगळं बोलण्यावरच विसंबून करावं लागे. त्याने कझाक विमानाला समोरच्या जंबोची माहितीही दिली होती. ते विमान पंधराच्या खाली उतरलं. त्यात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता, आणि सुकाणू दुसऱ्यांच्या हाती. ऐकणारा एक, उडवणारे दुसरे. ३४९ जण गेले. लाहोटी आयोगाने चौकशी केली. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. दोघांच्या कॉकपिटसाठी त्यातून एक रिवाज घ्या : उंची मिळाली की ऐकणाऱ्याने ती म्हणायची, यंत्रात भरणाऱ्याने भरून बोट दाखवायचं, दुसऱ्याने पाहून पुन्हा म्हणायची.

शीळ ऐकू आली तर

विमानांचा रेडिओ एएम पद्धतीचा असतो. दोघांनी एकदम बटन दाबलं की दोन लहरी एकमेकींवर घासून शीळ वाजते. एफएम असतं तर जोरकस आवाजाने दुसरा गिळून टाकला असता आणि कुणी बुडालंय हेच कळलं नसतं. तेव्हा शीळ ही उपयोगी खूण आहे. ती ऐकली की कुणाचं तरी बोलणं गेलं असं धरा आणि ‘ब्लॉक्ड’ म्हणा. बोलण्याआधी एक क्षण ऐका, बटन दाबल्यावर अर्ध्या क्षणाने बोला, नाहीतर कॉल साइनचं पहिलं अक्षर कापलं जातं. फ्रिक्वेन्सी बराच वेळ अचानक शांत झाली, तर आधी स्वतःचंच बटन अडकलंय का बघा. एकाचं अडकलं की सगळे मुके होतात.

आठवी पायरी : संकटात मर्यादा सोडा

आपल्या घरांत मोठ्यांना “जरा बघता का, सवड असेल तर” असं विचारायला शिकवतात. चांगलंच आहे, पण कॉकपिटबाहेर. २५ जानेवारी १९९० ला अविआन्काचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या वाटेवर तासाभराहून जास्त घिरट्या घालत राहिलं. सहवैमानिक ‘प्रायॉरिटी’ म्हणाला, ‘इंधन संपत आलंय, सर’ म्हणाला. कॅप्टन त्याला स्पॅनिशमध्ये सांगत होता की आणीबाणी आहे असं सांग. तो शब्द टॉवरपर्यंत गेलाच नाही. इंधन संपून विमान कोव्ह नेकला कोसळलं, ७३ जण गेले.

शब्द ठरलेले आहेत. जिवाला धोका असेल तर ‘मेडे’ तीनदा. निकड आहे, पण तेवढी नाही, तर ‘पॅन पॅन’ तीनदा. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता ठरलेल्या विमानतळावरच उतरणार, आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल. ही फक्त पूर्वसूचना आहे, प्राधान्याची मागणी नव्हे. राखीव साठ्याला हात लागणारच हे दिसताच ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’. यात सर, प्लीज, जरा, काही नाही.

रेडिओच गेला तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला स्क्वॉक कोड पाठवणाऱ्या यंत्रावर, ७६००, आणि टॉवरकडे डोळे. तिथून प्रकाशाने खूण येते. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. जमिनीवर याच रंगांचे अर्थ बदलतात, ते वेगळे पाठ करा.

घरचा सराव

दोघं लागतात. पाठीला पाठ लावून बसायचं, कारण रेडिओवर चेहरा दिसत नाही आणि आपण अर्धं बोलणं चेहऱ्यावरून समजतो. पहिला आठवडा नुसते आकडे : रेल्वेचे क्रमांक, गाड्यांच्या नंबरप्लेट, विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक. एकाने अंक फोडून म्हणायचे, दुसऱ्याने लिहून परत म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात गोंगाट आणा. मिक्सर लावा, कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी बसा. आई ओरडली तर तोही सराव.

तिसऱ्या आठवड्यात खरा खेळ. रीडबॅक देणाऱ्याने मधूनच, न सांगता, एक अंक बदलायचा. पाचातून एकदा, कधी दहातून एकदा. कंट्रोलर झालेल्याने तो पकडायचा आणि म्हणायचं : “नेगेटिव्ह,” आणि बरोबर आकडा पुन्हा. चूक वरचेवर आली की कान जागा असतो, म्हणून ती दुर्मिळ ठेवा. वीस मिनिटं एकही चूक करू नका आणि मग एक टाका. बहुतेक जण तिथे सापडतात. मीही सापडलो आहे.

चौथ्या आठवड्यात एकाच माणसाने तीन विमानं व्हायचं, तिन्हींच्या कॉल साइन सारख्या. खरा विमानसंवाद ऐकायची हौस येईल, पण परवान्याशिवाय तसा रेडिओ घरात बाळगू नका. क्लबात इन्स्ट्रक्टरसोबत ऐका.

एक वही करा. चुकलेली प्रत्येक जोडी त्यात : काय म्हटलं, काय ऐकलं. महिन्याभरात दिसतं की प्रत्येकाचा कान ठरावीक ठिकाणीच घसरतो. शेजारच्या त्या मुलीचा दोन आणि तीनवर, माझा अजूनही पाच आणि नऊवर. तिच्या पॅडच्या कोपऱ्यात आता लाल पेन्सिलीने २-३ लिहिलेलं असतं. तो आकडा आला की ती न लाजता ‘से अगेन’ म्हणते.